गेटवरची मुलाखत

निघोजे हे खेड तालुक्यातले इंद्रायणीकाठचे गाव. पंचवीस वर्षांपूर्वी हे नाव पंचक्रोशीबाहेर कोणाला ठाऊक असण्याचे फारसे कारण नव्हते. आज फोक्सवॅगनच्या कारखान्याच्या पत्त्यात ते आहे आणि महिंद्राच्या चाकण कारखान्याच्या पत्त्यातही आहे. शेजारच्या महाळुंग्यात बजाज ऑटो १९९९ पासून आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, पाठोपाठ महिंद्रा आली, आणि या मोठ्या गेटांच्या आजूबाजूला त्यांना सीट, बंपर, वायरिंग, काचा, प्रेसचे पार्ट पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांची दाटी झाली. कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, मोई, वासुली फाटा या सगळ्या टापूत चाळीवजा खोल्या उठल्या आणि त्यांत नांदेड, लातूर, बीड, बुलढाणा, जळगावपासून बिहार-ओडिशापर्यंतची पोरे राहायला आली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने इथे पाऊल ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात एक गोष्ट केलेली असते: पारदर्शक फोल्डर काखेत मारून कुठल्यातरी गेटबाहेर उभे राहायचे.

नोकरीच्या मुलाखतीवर मराठीत पुस्तके भरपूर आहेत. टाय कसा बांधावा, हस्तांदोलन किती घट्ट असावे, ‘स्वतःबद्दल सांगा’ याचे उत्तर काय द्यावे, वगैरे. ती बहुतेक वातानुकूलित केबिनमधल्या मुलाखतीवर लिहिलेली असतात. चाकण पट्ट्यातल्या बहुसंख्य मुलाखती मात्र सिक्युरिटी केबिनच्या बाजूला, ठेकेदाराच्या गाळ्यात, कॅन्टीनच्या रिकाम्या बाकांवर किंवा उभ्याउभ्याच होतात. पाच मिनिटांत उरकतात. त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही, म्हणून या प्रकरणात सुरुवात तिथून करू.

सगळे सुरू होते मोबाइलवर फिरणाऱ्या पोस्टरने. ‘अर्जंट पाहिजेत. आयटीआय फिटर, वेल्डर, टर्नर, दहावी-बारावी पास. वय १८ ते २६. बस, नाश्ता, जेवण. सात महिने.’ खाली एक नंबर आणि सकाळी नऊची वेळ. कंपनीचे नाव असतेच असे नाही, ‘नामांकित कंपनी’ एवढेच असते. पोरगा आधार, पॅन, बँकेचे पासबुक, मार्कशीट आणि चार फोटो घेऊन पोहोचतो. आधी पन्नासेक जण आलेले असतात. दहा-साडेदहाला ठेकेदाराचा सुपरवायझर किंवा कंपनीच्या एचआरमधला एखादा तरुण वही घेऊन येतो. संवाद साधारण असा चालतो:

‘कुठला तू?’

‘कंधारचा, सर.’

‘राहायला?’

‘डोंगरवस्तीत, रूमवर. गावाकडचे चौघं आहोत.’

‘आधी कुठे होतास? का सोडलं?’

‘तिकडं ब्रेक दिला, सर.’

‘नाइट चालेल ना? सोयाबीन काढायला मध्येच गावी पळणार नाहीस?’

‘नाही सर.’

‘ठीक आहे. बाजूला थांब. कळवतो.’

ऐकणाऱ्याला वाटते, यात विचारले काय? कामाबद्दल तर एक प्रश्न नाही. पण हे प्रश्न वाटतात तितके उडवाउडवीचे नाहीत. असेंब्ली लाइनवर गाडी ठरलेल्या वेळेला एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर सरकते. एका स्टेशनवरचा हात आला नाही तर मागचे काम तुंबते आणि पुढचे रिकामे राहते. त्यामुळे ठेकेदार कंपनीला कौशल्य नंतर विकतो, आधी हजेरी विकतो. खोली जवळ आहे का, खोलीत गाववाले आहेत का, सुगीत हा गायब होईल का, रात्रपाळीला कुरकुर करील का, हे सगळे हजेरीचे प्रश्न आहेत. पोराला वाटते आपली परीक्षा नीट झाली नाही. झालेली असते, फक्त विषय वेगळा असतो आणि तो त्याला कोणी सांगितलेला नसतो.

पोस्टरवरचे ‘सात महिने’ हेही सहज पडलेले नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की कामगाराची एक वर्षाची सलग सेवा धरली जात होती आणि त्याला काढताना नोटीस, नुकसानभरपाई असे संरक्षण लागू होत होते. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत तर २४० दिवस अखंड काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद आली. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. आकडा २४० च्या अलीकडे थांबतो आणि पोरगा ‘ब्रेक’ घेऊन पुन्हा दुसऱ्या गेटवर उभा राहतो. म्हणून चाकणमध्ये चोवीस-पंचवीस वर्षांचा असा तरुण सहज भेटतो ज्याने आयुष्यात सात-आठ मुलाखती यशस्वीपणे दिल्या आहेत आणि ज्याच्याकडे आजही नोकरी नाही. मुलाखतीच्या पुस्तकांना हा माणूस समजणारच नाही.

याच रांगेत शिकाऊ उमेदवारही असतात. त्यांचा कायदा १९६१ चा. त्याच्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआयवाल्यांसाठी किमान ७,००० रुपये, पदविकाधारकांसाठी ८,००० आणि पदवीधरांसाठी ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. कायदा त्यांना कामगार म्हणत नाही, प्रशिक्षणार्थी म्हणतो, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर टाकत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची आणखी एक प्रशिक्षणार्थी योजना काढली होती. तिच्यातून स्वस्त मनुष्यबळ मिळते हे उद्योगांच्या लवकर ध्यानात आले, शिकवण्याचा भाग मागे पडल्याच्या तक्रारी वाढल्या आणि पुढे ती योजना मागे घेण्यात आली. सांगायचा मुद्दा असा की एकाच दिवशी, एकाच गेटवर, सारख्याच फोल्डरसह उभ्या असलेल्या तिघांची मुलाखत तीन वेगळ्या नात्यांसाठी चालू असते: एक कंपनीच्या रोलसाठी, एक ठेकेदाराच्या रोलसाठी, एक शिकाऊ म्हणून. बऱ्याचदा हे त्यांना पहिला पगार हातात आल्यावर समजते.

आता त्या रांगेतल्या दुसऱ्या टेबलाकडे जाऊ. फिटर, मशिनिस्ट, क्वालिटी इन्स्पेक्शन अशा जागांसाठी शॉपमधला एखादा जुना माणूस बसतो. त्याच्यासमोर एक व्हर्नियर कॅलिपर, एक मायक्रोमीटर आणि दोन-चार पार्ट ठेवलेले असतात. तो नाव-गाव फारसे विचारत नाही. पिन हातात देतो आणि म्हणतो, ‘माप सांग.’

व्हर्नियर वापरलेला नसेल त्यांच्यासाठी थोडे थांबून सांगतो. मुख्य पट्टीवर एकेक मिलिमीटरच्या रेघा असतात. सरकत्या पट्टीवर ५० भाग असतात, पण ते ५० भाग मिळून मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटरच व्यापतात. म्हणजे सरकत्या पट्टीवरचा प्रत्येक भाग मिलिमीटरपेक्षा एक पन्नासांशाने, ०.०२ मिलिमीटरने, लहान असतो. हाच त्या साधनाचा लीस्ट काउंट. मुख्य पट्टीवर १२ दिसले आणि सरकत्या पट्टीची सतरावी रेघ वरच्या एखाद्या रेघेशी तंतोतंत जुळली, तर १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, आणि माप १२.३४ मिलिमीटर. साधन शून्यावर आणल्यावर शून्य दाखवते का, हे आधी न तपासता माप सांगणारा पोरगा त्या जुन्या माणसाच्या नजरेत तिथेच खाली उतरतो. मग तो ड्रॉइंग पुढे करतो. टॉलरन्स किती दिला आहे? हा पार्ट ओके की रिजेक्ट? मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट किती? (०.०१ मिलिमीटर.) वेल्डरला दोन पट्ट्या आणि टॉर्च मिळते, इलेक्ट्रिशियनला स्टार्टरची जोडणी. वायरिंगच्या कामासाठी मेडिकलमध्ये रंगीत ठिपक्यांच्या पाट्या वाचायला लावतात. त्या पाट्या जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. लाल-हिरव्यात गल्लत करणारा हुशार मुलगा इथे बाहेर पडतो. त्याला वाईट वाटते, पण कारण त्याच्या समोर असते.

हे टेबल रुक्ष आहे. ‘बसा’ म्हणत नाहीत, पाणी विचारत नाहीत, हसत तर नाहीतच. तरी माझे मत असे की या सगळ्या औद्योगिक पट्ट्यात सर्वांत शास्त्रशुद्ध मुलाखत या टेबलावर होते, आणि वरच्या मजल्यावर, काचेच्या केबिनमध्ये, कॉफी देऊन पाऊण तास जी चालते ती हिच्यापुढे कच्ची आहे. हे मत नुसते माझे नाही. मागची शंभर वर्षे मानसशास्त्रज्ञ यावर डोके फोडत आहेत.

१९१५ मध्ये वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहा व्यवस्थापकांना विक्रेत्याच्या जागेसाठी आलेले तेच ३६ उमेदवार दाखवले. ३६ पैकी २८ जणांच्या बाबतीत हा उमेदवार वरच्या अर्ध्यात की खालच्या अर्ध्यात, यावरही सहा जणांचे एकमत होईना. सहाच्या सहा अनुभवी आणि प्रत्येकाला स्वतःच्या नजरेचा भरवसा. काही वर्षांनी थॉमस एडिसनने दुसरे टोक गाठले. त्याने नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांना दीडशेच्या घरात सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९२१ मध्ये ते वर्तमानपत्रात फुटले. आइन्स्टाइनला कोणीतरी त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला, तेव्हा पुस्तकात सहज सापडणाऱ्या गोष्टी मी डोक्यात ठेवत नाही अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. म्हणजे एडिसनच्या गेटवर आइन्स्टाइनही बाजूला थांबला असता.

मधला रस्ता १९५० च्या दशकात एका विशी ओलांडलेल्या तरुणाला सापडला. डॅनियल कानमन, पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारा, तेव्हा इस्रायली सैन्यात होता. भरतीच्या मुलाखती घेणारे अधिकारी जवानाशी मोकळ्या गप्पा मारून एकंदर छाप नोंदवत, आणि ती छाप पुढे जवान कसा निघेल हे जवळजवळ काहीच सांगत नसे. कानमनने सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी आधीच्या आयुष्यातल्या वस्तुस्थितीवरचे प्रश्न ठरवले आणि एक गुण मोजून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचे नाही असा दंडक घातला. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करून टाकता म्हणाले. तेव्हा त्याने तडजोड केली: सहाही गुण देऊन झाल्यावर डोळे मिटा, तो जवान डोळ्यांपुढे आणा आणि मग तुमचा अंदाज लिहा. नव्या मुलाखती जुन्यांपेक्षा खूपच बऱ्या निघाल्या. गंमत म्हणजे डोळे मिटून केलेला अंदाजही चांगला निघाला, पण आधीची शिस्त पाळली म्हणूनच.

यानंतरच्या शेकडो अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी केली, आणि २०२२ मध्ये पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी तिच्यातल्या हिशेबाच्या चुका सुधारून ती पुन्हा मांडली. निवडीच्या पद्धतीवरून पुढच्या कामगिरीचा अंदाज किती बरोबर येतो ते शून्य ते एक या मापावर मोजतात. शून्य म्हणजे नाणे उडवणे, एक म्हणजे अचूक भविष्य. २०२२ च्या हिशेबात सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून गुण देणारी मुलाखत ०.४२ वर आली, कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४० वर, कामाचा प्रत्यक्ष नमुना ०.३३ वर. मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९. आणि ‘अनुभव किती वर्षे?’ हा आपला लाडका प्रश्न ०.०७. व्हर्नियरवाल्या काकांनी यातले काहीही वाचलेले नसते. पण सगळ्यांना तीच पिन, तेच ड्रॉइंग आणि तेच चार प्रश्न देऊन ते नकळत या यादीच्या वरच्या टोकाला बसलेले असतात.

मोकळी मुलाखत निरुपयोगी असते एवढ्यावर भागत नाही. ती दिशाभूलही करते. २०१३ मध्ये जेसन डेना, रॉबिन डॉज आणि नेथनियल पीटरसन यांनी विद्यार्थ्यांना एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावल्या आणि समोरच्याचे पुढच्या सत्रातले गुण किती येतील ते सांगायला लावले. काही मुलाखतींत उत्तर देणाऱ्यांना गुपचूप सूचना होती: प्रश्न काहीही असो, ठरलेल्या यादृच्छिक नियमाने हो किंवा नाही म्हणायचे. मुलाखत घेणाऱ्यांना याचा पत्ताच लागला नाही. त्या निरर्थक उत्तरांतूनही त्यांनी समोरच्याचे व्यक्तिमत्त्व उभे केले आणि ‘मला तो समजला’ असे नोंदवले. ज्या विद्यार्थ्यांची मुलाखत न घेता फक्त आधीचे गुण पाहून अंदाज करायला लावला होता, त्यांच्याबाबतचा अंदाज जास्त बरोबर आला.

मग कामाबद्दल काही न कळणाऱ्या या पाऊण तासात कळते काय? समोरचा आपल्यासारखा आहे की नाही, एवढे पक्के कळते. आपल्याकडे याचा पुरावा आहे आणि तो मिळवणाऱ्यांत एक मराठी माणूस आहे. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकरीच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभव तोच ठेवला, फक्त नावे बदलली: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. मुलाखतीला बोलावले जाण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावासाठी सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावासाठी सुमारे एक तृतीयांश. म्हणजे गेटवर पोचण्याआधीच रांग लहान झाली. त्याच अंकमालेत सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले. सगळे जण गुणवत्तेचे नाव घेत होते, आणि उमेदवाराला कौटुंबिक पार्श्वभूमी विचारल्याशिवाय मुलाखत पुरी होत नाही हेही त्यांना तितकेच स्वाभाविक वाटत होते. वडील काय करतात, भावंडे काय करतात, या प्रश्नाचे उत्तर द्यायला डॉक्टरच्या मुलाला मजा येते आणि शेतमजुराच्या मुलीचा घसा कोरडा पडतो. दोघांच्या कामाशी त्याचा संबंध काय?

या पट्ट्याच्या इतिहासात एक मुलाखत अशी आहे जिच्यात हा सगळा झगडा उघड दिसतो. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ मध्ये पिंपरीत आली. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी इथे गाड्या बनवण्याआधी प्रशिक्षण विभाग आणि टूल रूम उभी केली. माणसे घडवायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होते, आणि खरी शिकाऊ उमेदवारी ही कित्येक महिने चालणारी मुलाखतच असते. पण याच कंपनीने १९७४ मध्ये अभियंत्यांसाठी जी जाहिरात दिली, तिच्यात महिलांनी अर्ज करू नये अशी ओळ होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या, हुबळीच्या सुधा कुलकर्णी यांनी ती वाचली आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. काही दिवसांत तार आली: येण्याजाण्याचा खर्च कंपनीचा, पुण्याला मुलाखतीला या.

पुढे सुधा मूर्ती या नावाने त्यांनी ही आठवण लिहिली आहे. सहा जणांचे मंडळ होते आणि जेआरडींना पत्र लिहिणारी मुलगी हीच, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली. नोकरी मिळणार नाही असे गृहीत धरल्यामुळे भीती गेली होती, असे त्या सांगतात. प्रश्न तांत्रिक विचारले गेले आणि त्यांनी उत्तरे दिली. मग एका ज्येष्ठाने प्रेमळपणे समजावले की शॉप फ्लोअरवर आजवर बाई घेतलेली नाही. त्यांनी उत्तर दिले की कुठेतरी सुरुवात करावीच लागेल. त्या टेल्कोच्या पहिल्या महिला अभियंत्या झाल्या. ही गोष्ट बहुधा जेआरडींच्या मोठेपणासाठी सांगितली जाते आणि ते मोठेपण आहेच. मला तिच्यातला मधला भाग जास्त मोलाचा वाटतो. प्रश्न तांत्रिक होते तोवर मंडळाला त्यांना नाकारायला जागा सापडली नाही. अडचण आली ती गप्पा सुरू झाल्यावर. आज त्याच पिंपरीच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी गाड्यांची एक अख्खी असेंब्ली लाइन स्त्रिया चालवतात. आणि तरीही या पट्ट्यात मुलाखतीला गेलेल्या मुलीला ‘लग्न कधी करणार?’ हे विचारणारे टेबल अजून उठलेले नाही.

‘कुठला तू?’ या प्रश्नालाही दुसरी बाजू आहे. राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ८० टक्के स्थानिक घ्यावेत असे आहे. स्थानिक म्हणजे महाराष्ट्रातला, निघोज्यातला नव्हे. ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या त्या खेड तालुक्यातल्या घरांची तक्रार वेगळीच असते: गावाचे नाव सांगितले की फोन येत नाही, कारण गावातला पोरगा युनियन करील, दादागिरी करील, मधूनच घरी जाईल असे धरून चालतात. कंधारचा पोरगा म्हणतो, इथल्यांची ओळख चालते. निघोज्याचा म्हणतो, बाहेरच्यांना पसंती. दोघांचे बोलणे वेगवेगळ्या गेटांवर खरे असू शकते. व्हर्नियरच्या टेबलावर मात्र दोघांनाही तक्रारीला जागा उरत नाही, कारण १२.३४ ला गाव नसते.

राहिला प्रश्न ‘कळवतो’चा. नकारापेक्षा माणसाला जास्त झोंबते ते मौन. अमेरिकी अभ्यासक स्टीफन गिलिलँड यांनी १९९३ मध्ये, निवडप्रक्रिया न्याय्य वाटायला काय लागते ते मांडले: प्रश्न कामाशी जोडलेले असावेत, स्वतःचे कसब दाखवायची संधी मिळावी, सर्वांना सारखी वागणूक असावी, वेळेत उत्तर यावे, खरे कारण सांगावे, भलते प्रश्न नसावेत. यादीत कुठेही ‘निवड व्हावी’ असे नाही, हे ध्यानात घ्या. नापास झालेला माणूसही प्रक्रिया नीट होती असे म्हणू शकतो आणि पास झालेला शिव्या घालू शकतो. ब्रिटनमधल्या व्हर्जिन मीडियाने दशकभरापूर्वी हिशेब काढला तेव्हा मुलाखतीत वाईट वागणूक मिळालेले उमेदवार त्यांची सेवाच बंद करतात आणि वर्षाला सुमारे ४४ लाख पौंडांचे नुकसान होते असे दिसले. चाकणच्या गेटबाहेर उभा असलेला पोरगाही बहुधा शेजारच्या कंपनीच्याच मोटारसायकलवर आलेला असतो. पन्नास जणांना ‘झाले नाही’ असा एक मेसेज पाठवायला कंपनीला फारतर दहा मिनिटे लागतील. ती दहा मिनिटे वाचतात आणि पोरगा चार दिवस दुसरीकडे न जाता फोन उशाशी घेऊन खोलीत बसतो. त्या चार दिवसांची खोराकी त्याच्या खिशातून जाते.

याच मौनात दलाल शिरतात. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, मेडिकलचे पैसे, ‘साहेबांचे’ पैसे. बनावट लेटरहेडवरची ऑफर लेटर हा इथला जुना धंदा आहे, आणि निवडीसाठी आम्ही पैसे घेत नाही अशी सूचना मोठ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर कायम ठेवून असतात. मुलाखतीसाठी कोणी पैसे मागितले की ती मुलाखत नव्हेच. पावती देत असले तरी नव्हे. मागणारा गावचा असला तरी नव्हे.

तेव्हा या पट्ट्यात मुलाखतीला निघालेल्यांनी टायची चिंता सोडावी. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि आपल्या ट्रेडचे ड्रॉइंग एकदा पुन्हा हाताखालून घालावे. टेबलावर स्वतःहून दोन प्रश्न विचारावेत, त्यात उद्धटपणा काही नाही: मी कोणाच्या रोलवर असेन, आणि हो-नाही कधीपर्यंत कळेल? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागून घ्या, आणि त्यावर मालक म्हणून कोणाचे नाव छापले आहे ते सही करण्याआधी वाचा.